लाकडाचे पावसाळे

मावळात, इंद्रायणीच्या खोऱ्यात, आषाढ लागला की डोंगर दिवसचे दिवस ढगात बुडतात, कातळ पाझरू लागतो आणि हात लावावा ती वस्तू सर्द लागते. त्याच डोंगरात, कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या अर्धगोल छताखाली, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बसवलेल्या सागवानी फासळ्या आजही आपल्या जागी आहेत. स्तूपावरची लाकडी छत्रीही टिकून आहे. छताचा भार या फासळ्या वाहत नाहीत, तो कातळच वाहतो. लाकडी सभागृहे उभारण्यात मुरलेल्या कारागिरांनी डोंगर कोरतानाही आपली रीत सोडली नाही, म्हणून त्या तिथे आल्या. आता याच लेण्याच्या दर्शनी भागाकडे किंवा खोऱ्यापलीकडच्या भाज्याच्या चैत्याच्या दर्शनी भागाकडे पाहावे. तिथे एके काळी असलेल्या लाकडी कामाच्या नुसत्या खाचा आणि खुंट्यांची भोके शिल्लक आहेत. काळ तोच, पाऊस तोच, घडवणारी परंपराही तीच. जे लाकूड कधी पावसाच्या झडीत, कधी उन्हाच्या तडाख्यात सापडत राहिले ते गेले, आणि जे डोंगराच्या पोटात, जिथे हवा खेळते पण ऋतूचे हेलकावे मंद होऊन पोचतात अशा जागी राहिले, ते उरले. कार्ल्याच्या एका शिलालेखात धेनुकाकटाच्या सामी नावाच्या सुताराने दार केल्याची नोंद आहे. दगडात कोरलेल्या लेण्याच्या दारावर सुताराचे नाव असावे, यावरून लाकूड जाणणाऱ्या माणसाचे त्या काळातले स्थान कळते.

घरातले भरीव लाकडाचे सामान दमटपणापासून कसे जपावे, हा प्रश्न आपल्याकडे दर जूनला जणू प्रथमच पडावा तसा विचारला जातो. खण अडकतात, दारे चौकटीत रुततात, कपाटाच्या पाठीवर पांढुरकी बुरशी धरते, उघडल्याबरोबर कोंदट वास येतो. आणि उपाय म्हणून एखादी बाटली, एखादी पुडी, एखादा लेप सुचवला जातो. प्रश्न मात्र शतकानुशतकांचा आहे, आणि त्याचे उत्तरही वेळोवेळी सापडलेले आहे. ओल ही लाकडाची शत्रू खरीच, पण तिच्याहून घातक दोन गोष्टी आहेत: ओल आणि कोरड यांचे वेगवान हेलकावे, आणि कोंडलेली हवा. हे ज्या पिढ्यांनी ओळखले त्यांचे लाकूड टिकले. ज्यांनी घाईपोटी किंवा गर्वापोटी दुर्लक्षिले त्यांचे कुजले. लाकडाच्या इतिहासात हा क्रम इतक्या वेळा आला आहे की त्याला योगायोग म्हणता येत नाही.

लाकूड तोडून, वाळवून, घडवून झाले तरी भोवतालच्या हवेशी चाललेला त्याचा व्यवहार थांबत नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता ४० टक्के असेल तर लाकडातला पाण्याचा अंश त्याच्या कोरड्या वजनाच्या साडेसात-आठ टक्क्यांवर स्थिरावतो. ६५ टक्के असेल तर १२ च्या आसपास. आणि ती ९० टक्क्यांवर चढून तशीच राहिली तर २० च्या घरात, जिथून पुढे कुजवणाऱ्या बुरशींचे काम सुरू होते. हा अंश वाढला की लाकूड फुगते, घटला की आकसते, पण सर्व दिशांनी सारखे नाही: लांबीत जवळजवळ नाहीच, गाभ्याकडून सालीकडे थोडे, आणि वलयांच्या अंगाने त्याच्या सुमारे दुप्पट. सागासारखे शांत समजले जाणारे लाकूडसुद्धा पूर्ण ओले असल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत गाभ्याकडून सालीकडे सुमारे अडीच टक्के आणि वलयांच्या अंगाने पावणेसहा टक्क्यांच्या आसपास आकसते. म्हणजे तीन फूट रुंदीचा सागवानी मेजाचा माथा उन्हाळा ते ऐन पावसाळा या अवधीत जवळपास एक सेंटिमीटर रुंदावू शकतो. ही गती कोणताही सुतार थांबवू शकत नाही, तिला फक्त जागा देऊ शकतो. कोकणपट्टीत हवा बाराही महिने दमट, म्हणून तिथे बुरशीची भीती मोठी. घाट चढून देशावर आले की पुण्यात एप्रिलच्या दुपारी आर्द्रता अनेकदा ३० टक्क्यांच्या खाली उतरते आणि जुलैत ८० च्या वर जाते, म्हणून तिथे भेगांची आणि पिळवटण्याची भीती मोठी. मालवण आणि पुणे या दोन गावांना एकच उपाय सांगणारा माणूस दोन्हींपैकी एकाचे नुकसान करतो.

सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत शय्या आणि आसने यांच्या लक्षणांसाठी एक स्वतंत्र अध्याय दिला आहे. पलंगासाठी कोणती झाडे घ्यावीत याची त्याची यादी आहे, आणि तीत असणा, चंदन, देवदार, साल यांच्या सोबतीने साग आणि शिसवही आहे. कोणती घेऊ नयेत हेही तो सांगतो: वीज पडलेली, वाऱ्याने किंवा हत्तीने पाडलेली, स्मशानातली, पक्ष्यांची घरटी असलेली. त्याची कारणे शुभाशुभाच्या भाषेत आहेत, आणि त्यांतली पुष्कळशी आज कोणी मानणार नाही. पण वादळाने उन्मळून पडलेल्या झाडाच्या आत अदृश्य चिरा पडलेल्या असतात हे कोणताही जुना लाकूडवाला सांगेल. मला त्या अध्यायात महत्त्वाचे वाटते ते असे, की पलंगाचा विचार पलंगापासून सुरू होत नाही. तो रानात, झाड उभे असताना सुरू होतो. लाकडाचे आयुष्य ते घरात येण्यापूर्वीच बरेचसे ठरून गेलेले असते, ही जाणीव तिथे आहे.

त्यानंतर दोनशे वर्षांनी, आपल्यासारखाच पावसाळा सोसणाऱ्या जपानात, नारा येथे एक असा प्रयोग घडला ज्याला आता साडेबाराशेहून अधिक वर्षे झाली. सम्राट शोमूच्या निधनानंतर ७५६ साली त्याच्या राणीने त्याच्या वस्तू तोदाईजी मंदिराला अर्पण केल्या, आणि त्या शोसोइन नावाच्या लाकडी कोठारात ठेवल्या गेल्या. वाद्ये, पेट्या, आसने, वस्त्रे यांतले आश्चर्य वाटावे इतके आज सुस्थितीत आहे. कोठार जमिनीपासून उंच खांबांवर उभे आहे, त्यामुळे खालून वारा वाहतो. त्याच्या भिंतींचे ओंडके पावसात फुगून फटी बुजवतात आणि कोरड्या हवेत आकसून त्या उघडतात, असे पूर्वी मानले जाई; प्रत्यक्ष मोजमापे घेतल्यावर दिसले की खरे रक्षण आतल्या 'सुगी' नावाच्या झाडाच्या लाकडी पेट्यांनी केले. जपानी देवदारासारख्या त्या लाकडाच्या जाड पेट्यांमध्ये हवेचे हेलकावे बाहेरच्या मानाने फारच क्षीण होऊन पोचत. आणि या सर्वांच्या जोडीला एक शिस्त होती: शरदात, कोरडी हवा सुरू झाल्यावर, कोठाराची मोहर उघडायची आणि वस्तूंना वारा द्यायचा. उंची, पेटीतली पेटी आणि पंचांग, एवढ्या तीन साधनांनी एका संस्कृतीने आपली ठेव जपली.

या शिस्तीच्या अभावाचे चित्र सतराव्या शतकाच्या इंग्लंडमध्ये सापडते. १६७७ साली इंग्लंडच्या संसदेने तीस नव्या युद्धनौकांसाठी पैसा मंजूर केला. १६८४ मध्ये सॅम्युअल पीप्स नौदलाच्या कारभारात परतला तेव्हा त्यांतल्या अनेक नौका समुद्र नीट न पाहताच बंदरात कुजत होत्या. नौकांच्या पोटात उगवलेल्या मुठीएवढ्या अळंब्या आपण स्वतः गोळा केल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. जबाबदार मंडळींनी दोष परदेशी फळ्यांवर ढकलला. पीप्सने जहाजबांधणीतल्या जाणत्यांना बोलावून साक्षी घेतल्या आणि तो बचाव फेटाळला: नौका साफ केल्या गेल्या नव्हत्या, त्यांच्या पोटात वारा जाऊ दिला गेला नव्हता, वेळेवर डागडुजी झाली नव्हती. लाकडाला दोष देऊन निगेचा प्रश्न टाळण्याची ही रीत आजही फर्निचरच्या प्रत्येक तक्रारीत ऐकू येते.

आपल्याकडे त्याच सुमारास लाकडाविषयी वेगळी बुद्धी जागी होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या १७१६ च्या सुमाराच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाविषयीचा जो भाग आहे, तो पर्यावरणाच्या संदर्भात पुष्कळदा सांगितला जातो: सागासारखी झाडे रानातून परवानगीने तोडावीत, आंबा-फणस उपयोगी असले तरी त्यांना हात लावू नये, कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, अगदी जीर्ण झालेले झाड तोडायचे तर मालकाला राजी करून आणि मोल देऊन. न्यायाचा हा विचार मोठा आहेच. त्यात काळाचाही विचार आहे, तो कमी सांगितला जातो. झाडाला लागणारी वर्षे ज्या राज्यकर्त्याला मोजता येतात, त्याच्या काळातल्या सुतारालाही लाकूड मुरायला लागणारी वर्षे मोजता येतात.

पेशवाईतल्या वाड्यांत आणि कोकणातल्या घरांत ही बुद्धी दगडामातीत उतरलेली दिसते. वाड्याचा लाकडी खांब कधी जमिनीला टेकत नाही. तो दगडी तळखड्यावर उभा असतो आणि तळखडा उंच जोत्यावर, म्हणजे भुईतली ओल वर चढायची तर तिला दोन दगड ओलांडावे लागतात. चौकामुळे चारही सोप्यांतून वारा फिरतो. कोकणात पागोळ्या भिंतीपासून दूर पडाव्यात म्हणून छप्पर खाली ओढलेले, पडवीला झापांचा आडोसा, मृगापूर्वी घर शाकारण्याची लगबग. माजघरातल्या चुलीचा धूर माळ्यावरून वासे-आढ्यांना काळे करीत जाई आणि त्यांना कोरडे व कीडमुक्त ठेवी. त्या धुराने किती बायकांची फुप्फुसे आणि डोळे गेले हे विसरून त्याची हळहळ करणे क्रूरपणाचे ठरेल. चूल गेली ते योग्यच झाले. पण तिच्याबरोबर लाकडाचे एक संरक्षण गेले आणि त्याच्या जागी काही आणायला हवे, हे कोणी लक्षात घेतले नाही.

त्या घरांत सामान थोडे आणि हलते असे. पाट जेवणानंतर भिंतीशी उभे करून ठेवायचे, चौरंग कामापुरता मांडायचा, पेटाऱ्याला खाली चाके किंवा अडण्या, फडताळ भिंतीच्या जाडीत, झोपाळा तर कड्यांवर अधांतरी. सारवलेल्या ओल्या भुईशी लाकडाचा संबंध शक्य तितका थोडा. देव्हाऱ्याला फणस, पलंगाला शिसव, दारांना साग, अशी निवड ठरलेली. होड्यांना आणि वाशांना उंडीचे तेल, करंजेल, काजूच्या टरफलांचे तेल. गणपती-नवरात्र आटोपून आश्विनाचे कडक पण कोरडे ऊन पडू लागले की पेटारे उघडायचे, गाद्या-वस्त्रांना ऊन दाखवायचे, दिवाळीपूर्वी भिंती पांढऱ्या करायच्या. चुना ताजा लागला की भिंतीवरची बुरशी मरते. शोसोइनची मोहर शरदात उघडली जाई आणि आपले पेटारेही त्याच ऋतूत, याचे कारण दोन्हीकडे पावसाळाच होता.

सुताराच्या हातात याहून सूक्ष्म ज्ञान होते. दाराची चौकट कुसू आणि खाच यांनी पक्की सांधायची, पण मधली फळी चौकटीच्या खोबणीत सैल ठेवायची, तिला सरस लावायचा नाही. मग ती श्रावणात फुगली तरी खोबणीतल्या खोबणीत सरकते आणि वैशाखात आकसली तरी उघडी पडत नाही. हा सुतार बारा बलुतेदारांपैकी एक. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा'मध्ये बलुतेदारीचे जे वर्णन केले आहे त्यात तिचे दोषही कठोरपणे मांडले आहेत, आणि जन्माने बांधलेल्या त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे काहीच कारण नाही. तिच्यात एक गोष्ट मात्र होती जी तिच्यानंतर आपण दुसऱ्या कोणत्याही रूपात उभी केली नाही: वस्तू करणारा आणि वस्तू वापरणारा यांचा संबंध विक्रीच्या क्षणी संपत नसे. करणारा पुढच्या हंगामातही गावातच असे आणि आपल्या सांध्याचे काय झाले हे त्याला पाहावे लागे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी घाई आणि धीर यांची तुलना इतिहासाने जवळजवळ शेजारी ठेवून दाखवली. नेपोलियनशी चाललेल्या युद्धाच्या निकडीत, ओक संपत आला असताना, १८१० साली डेटफर्ड येथे 'क्वीन शार्लट' ही प्रचंड युद्धनौका पाण्यात उतरली. ती मोहिमेवर जाण्याआधीच इतकी कुजली की तिच्यातल्या बुरशी तपासायला जेम्स सॉवर्बी या वनस्पतिशास्त्रज्ञाला पाचारण करावे लागले. लाकूड नीट वाळले नव्हते, आणि पीप्सचा सव्वाशे वर्षांपूर्वीचा इशारा दप्तरात पडून होता. सात वर्षांनी, १८१७ मध्ये, मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मलबारच्या सागाची 'त्रिंकोमाली' उतरली. ती आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलच्या बंदरात तरंगते आहे. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल आणि कीटकांना न मानवणारी द्रव्ये असतात, हे तिच्या दीर्घायुष्याचे एक कारण. दुसरे कारण कारागिरांच्या पिढीजात धीराचे: १७३० च्या दशकात सुरतेहून मुंबईला आलेल्या लवजी नसरवानजींपासून वाडियांनी लाकूड पारखण्याची विद्या घरात चालवली होती. ब्रह्मदेशात तर सागाचे झाड तोडण्यापूर्वी बुंध्याभोवती खोल खाच घेऊन ते उभ्याउभ्याच दोन-तीन वर्षे वाळू देत. याच मागणीने पश्चिम किनाऱ्याची रानेही विरळ केली. १८४० च्या दशकात निलांबूरला सागाची लागवड सुरू करावी लागली आणि १८४७ मध्ये मुंबई इलाख्यात अलेक्झांडर गिब्सन यांची वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली.

त्याच शतकाच्या मध्यात मुंबईच्या कारखान्यांतून काळ्या शिसवाचे कोरीव फर्निचर निघू लागले आणि बंगल्यांत, पारशी घरांत, संस्थानिकांच्या दिवाणखान्यांत पोचले. बैठकीला वेत असे, कारण गादीत ओल साठते आणि वेतातून वारा जातो. लष्करी अधिकाऱ्यांच्या सफरी सामानाला पितळी पट्ट्या आणि स्क्रू असत, कारण जनावरांच्या कातडी-हाडांचा सरस पावसाळी हवेत सुटतो. गोव्यातल्या घरांच्या खिडक्यांना शिंपल्यांची तावदाने होती. ती झड अडवत, ऊन मऊ करीत आणि फटींतून हवा सोडत. परक्या देशातून आलेल्या माणसांनाही इथल्या पावसाने हे शिकायला लावले.

१८९६ च्या प्लेगने मुंबईला हवेचे मोल वेगळ्या, भयंकर रीतीने शिकवले. १८९८ साली स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दोन इमारतींमधल्या अंतरासाठी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम धरला, म्हणजे खालच्या मजल्यावरही आकाश दिसावे आणि वारा पोचावा. दादर-माटुंग्याच्या वसाहती, नंतर मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारती, त्यांच्या खिडक्यांवरचे लांब छज्जे, समोरासमोरची तावदाने आणि दारांवरची झडपे ही त्या धड्याची फळे. नियम माणसांच्या आरोग्यासाठी होता, पण त्याचा लाभ त्या घरांतल्या पलंग-कपाटांनाही झाला. त्या इमारतींतले सागवानी सामान आज तिसऱ्या-चौथ्या पिढीत वापरले जाते, याचे निम्मे श्रेय तरी मी त्या छज्ज्यांना देईन.

दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या नॅशनल गॅलरीने आपली चित्रे बॉम्बहल्ल्यांपासून वाचवण्यासाठी १९४१ मध्ये वेल्समधल्या मानोद येथील पाटीच्या दगडाच्या खाणीत हलवली. लाकडी फळ्यांवर रंगवलेल्या जुन्या चित्रांचे पापुद्रे लंडनमध्ये वर्षानुवर्षे सुटत, त्यांची डागडुजी अखंड चालू असे. डोंगराच्या पोटात, जिथे उष्णता आणि आर्द्रता वर्षभर एका पातळीवर राखली होती, तो उपद्रव जवळजवळ थांबला. युद्ध संपून चित्रे परतताच तो पुन्हा उसळला. त्या अनुभवावर आजचे संग्रहालयशास्त्र बरेचसे उभे आहे. कार्ल्याच्या फासळ्या हीच गोष्ट त्याआधी एकोणीसशे वर्षे सांगत होत्या.

विसाव्या शतकात आपल्या घरांतून लाकूड हळूहळू हटले. १९२३ पासून गोदरेजची पोलादी कपाटे बनू लागली आणि मध्यमवर्गाच्या संसारात पेटाऱ्याची जागा त्यांनी घेतली. १९५९ साली फेविकॉल आला आणि सरसाचे भांडे चुलीवरून उतरले. हा बदल वरवर लहान, पण खोल होता. सरसाचा सांधा दमट हवेत दुर्बळ, म्हणून सुताराला लाकडाच्या हालचालीचा हिशेब ठेवावाच लागे. नव्या गोंदाचा सांधा लाकडाहून बळकट, म्हणून हिशेब ठेवण्याची गरज उरली नाही असे वाटले. फुगण्या-आकसण्याचा ताण मात्र कुठे गेला नाही. सांधा उघडत नाही तेव्हा फळीच मधोमध तडकते. पुढे प्लायवुड, सनमायका, भुशाचे दाबलेले बोर्ड आले. बोर्डात पाणी शिरले की तो फुगतो आणि पुन्हा मूळ रूपावर येत नाही. दोन पिढ्या अशा गेल्या की घरात भरीव लाकूड नव्हते, आणि जे घरात नसते त्याची निगा कोणी कोणाला शिकवत नाही. गेल्या दशक-दोन दशकांत भरीव लाकूड पुन्हा हौसेने घराघरांत आले आहे. ज्या घरांत ते आले ती घरे मात्र दरम्यान बदलली होती: छज्जा गेला, सरकत्या काचा आल्या, बाहेरच्या भिंतीला चिकटवून पलंग-कपाटे मांडली गेली, आणि रात्री वातानुकूलनाने सुकवलेल्या खोलीत सकाळी खिडकी उघडताच समुद्राची हवा शिरते. हेलकावे आणि कोंडमारा, दोन्ही आपण एकाच छताखाली आणले आहेत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा तळमजल्यांवरचे सामान पाण्याने गेले हे सर्वांनी पाहिले. दर पावसाळ्यात वरच्या मजल्यांवरचे सामान बंद कपाटामागे निमूटपणे जाते, ते कोणी मोजत नाही.

या सगळ्या अनुभवातून आजच्या घरासाठी जे निघते ते महागडे नाही. कपाट भिंतीपासून, विशेषतः बाहेरच्या भिंतीपासून, चार बोटे पुढे ओढावे. तेवढ्या फटीतून वारा फिरला की पाठीवर बुरशी धरायला अवकाश मिळत नाही. पाय जमिनीपासून उचलावेत: फर्निचरचा पाय ज्या टोकावर उभा असतो तिथे लाकडाच्या उघड्या नळ्या असतात, आणि रोज फरशी पुसताना त्या नळ्या पाणी ओढतात, पितळेची किंवा रबराची टोपी आणि त्या टोकांना लावलेला पॉलिशचा हात पुष्कळ काम करतो. पॉलिश करायचे तर ते आतून-बाहेरून, वरून-खालून सारखे करावे, कारण एकच बाजू बंद केली की दुसरी ओल घेते आणि फळी वाकते. कोणतेही पॉलिश ओल थांबवत नाही, तिचा वेग तेवढा कमी करते, आणि हेलकावे मंद करायला तेवढे पुरते. लाखेचे पॉलिश भर पावसाळ्यात केले तर त्यावर पांढरी छटा येते. त्याचा काळ मार्गशीर्ष ते फाल्गुन. जुलैत अडकणारे दार रंध्याने तासू नये: तेव्हा काढलेली ढलपी जानेवारीत बोटभर फट होऊन समोर येते. श्रावणात उघडीप मिळाली की कपाटांची दारे उघडी टाकावीत, आणि पावसाळा सरल्यावर ओल धरलेले सामान थेट कडक उन्हात न ठेवता सावलीच्या वाऱ्यात सुकू द्यावे, नाहीतर वरचा थर आधी आकसून चिरतो. कापराने वास जातो, ओल जात नाही. आर्द्रता दाखवणारे छोटे यंत्र काही शे रुपयांना मिळते. आकडा दिवसचे दिवस ७० च्या वर राहिला तर पंखा, वातानुकूलनाचा कोरडेपणाचा पर्याय किंवा हवा सुकवणारे यंत्र लावावे, पण ते सतत आणि मंद चालवावे. चार तास जोरात आणि वीस तास बंद हा प्रकार लाकडाला ओलीपेक्षा जास्त मारतो.

उरते ती खरेदी, आणि वराहमिहिराप्रमाणे मलाही ती निगेहून मोठी वाटते. आज आपल्याकडे येणारे शिसम आणि आंब्याचे पुष्कळ फर्निचर जोधपुरात, वाळवंटाच्या कडेला बनते आणि तिथल्या हवेशी जुळवलेले लाकूड थेट ठाण्या-रत्नागिरीच्या हवेत येते. उलट दिशेचा अनुभव अमेरिकेत गेलेल्या मराठी कुटुंबांनी घेतला आहे: इकडून हौसेने नेलेला शिसवी देव्हारा तिकडच्या हिवाळ्यात, तापवलेल्या आणि वाळलेल्या खोलीत, पहिल्याच वर्षी तडकतो. यावरचे उत्तर आपल्या देशात लेखी स्वरूपात आहे. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत, जिची स्थापना १९०६ ची, लाकूड वाळवण्याचा शास्त्रोक्त अभ्यास झाला. आणि भारतीय मानक २८७ मध्ये देशाचे हवेच्या आर्द्रतेनुसार चार विभाग पाडून कोणत्या विभागात कोणत्या कामाच्या लाकडात पाण्याचा अंश जास्तीत जास्त किती असावा हे नमूद केले आहे. कोकण सर्वांत दमट, चौथ्या विभागात येते. हे मानक दशकानुदशके उपलब्ध असूनही फर्निचरच्या दुकानात लाकडाची जात, रंग आणि हप्ते सांगितले जातात, पाण्याचा अंश सांगितला जात नाही. तो मोजायचे सुयांचे यंत्र खिशात मावते आणि मोजायला एक मिनिट लागते. ग्राहकाने पैसे देण्यापूर्वी तो अंश आपल्यासमोर, फळीच्या दोन-तीन ठिकाणी, मोजून घ्यावा. फर्निचर कोणत्या विभागासाठी वाळवले आहे ते विचारावे. आणि दोन्ही गोष्टी पावतीवर लिहून मागाव्यात.